दिग्याला परत मैदानात ढकलणाऱ्यांनो

दिग्या गेला. आणि ज्यांनी त्याला मारला, तेच आज "लेजंड" लिहून रडके इमोजी टाकतायत.

जरा तरी लाज बाळगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिगंबर, आमचा दिग्या, येरवड्याचा. पुण्यात अमेरिकन फुटबॉलची एक लीग आली होती. हेल्मेट, खांद्याला पॅड, सगळा थाट. पुण्याच्या टीममध्ये आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहायचो. मी लाइनमन, म्हणजे समोरच्यांना नुसता अडवून धरणारा, तो टाइट एंड.

आमच्या सोसायटीतल्या काकूंनी किट बघून विचारलं होतं, "गाडीवर घालत नाही, मग पळताना कशाला रे हेल्मेट?"

टाइट एंडचं काम विचित्र. एकदा समोरचा धिप्पाड माणूस अंगावर घेऊन दुसऱ्याला वाट करून द्यायची. पुढच्या वेळी स्वतःच पळत सुटायचं आणि बॉल पकडायचा.

कोचनी हे समजावल्यावर दिग्या म्हणाला, "म्हणजे वरातीत बँड पण मीच वाजवायचा आणि घोड्यावर पण मीच बसायचं?"

मूळचा कबड्डीवाला तो. हातात आलेली गोष्ट सोडायची सवयच नव्हती. या खेळासाठी त्याने चाकणच्या कंपनीतली परमनंट नोकरी सोडली. बायको, मनीषा, एवढंच म्हणाली, "मनापासून खेळ. नाही जमलं तर बघू."

जमलं की! काय खेळायचा राव.

मग ती सेमीफायनल.

दिग्या बॉल पकडायला उडाला आणि दोघं दोन बाजूंनी आदळले. हेल्मेटवर हेल्मेट. तो उठला, चालायला लागला, आणि समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

मी त्याला हाताला धरून आणला. तर मला विचारतो, "आता रेड कोणाची?"

रेड. कबड्डीतली.

मी ओरडलो, "सर, याला बाहेर घ्या! कुठला खेळ चाललाय तेच कळत नाहीये याला!"

फिजिओने डोळ्यांपुढे बोटं नाचवली. टीमचा मालक मैदानाकडेला मांडलेल्या सोफ्यावरून उठून रेषेपाशी आला. "पैलवान गडी आहे तो, एवढ्याने काय होतंय? कॅमेरे चालू आहेत, पाठवा."

कोचनी मान खाली घातली. दिग्याला पाठवलं.

आणि त्याने मॅच जिंकून देणारा कॅच घेतला.

सकाळपासून तुम्ही सगळे जो फोटो फिरवताय ना, "बीस्ट मोड" लिहून, तो त्याच कॅचचा. त्या फोटोतल्या माणसाला आपण कुठे आहोत हे माहीत नाहीये. नीट बघा डोळे.

परतताना बसमध्ये तो सारखा विचारत होता, "जिंकलो का रे आपण?"

मी हो म्हणायचो. दर वेळी नव्याने खूश व्हायचा.

पुढे लीग गुंडाळली. कोणी फोन उचलेना.

दिग्याचं डोकं दुखणं मात्र थांबलं नाही. उजेड सहन होईना. मार्केट यार्डात ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागला, पण ट्रकचे हॉर्न ऐकून उलट्या व्हायच्या. मग फिट यायला लागल्या. येरवड्यात जन्मलेला माणूस, घराजवळच्या चौकात उभा राहून मनीषाला फोन करायचा, "डावीकडे वळू का उजवीकडे?"

डॉक्टर स्पष्ट बोलले. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसलाय, मेंदूला इजा आहे.

मनीषाने मालकाला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, खेळ म्हटला की लागणारच." नंतर नंबर ब्लॉक.

तरी दिग्या दर रविवारी शाळेच्या मैदानावर वस्तीतल्या पोरींना शिकवायचा. फ्लॅग फुटबॉल. त्यात कोणी कोणाला आदळत नाही, कमरेची फडकी ओढायची फक्त.

एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "खरा खेळ कधी शिकवणार?"

"हाच खरा," दिग्या म्हणाला. "तो दुसरा मी खेळून बघितलाय."

परवा बाथरूममध्ये फिट आली. त्यातून उठलाच नाही.

काल त्याला न्यायच्या वेळी गल्लीत मालक हजर. पांढरे कपडे, मागे फोटोग्राफर, हातात नवीकोरी जर्सी. दिग्याच्या अंगावर घालायला वाकला.

मनीषाने हात आडवा धरला. "अहो, आपण कोण?"

"मी... टीमचा..."

"हो का? आपला फोन लागत नव्हता बरीच वर्षं. आलात, दिसलात. आता निघा."

जर्सी काखेत मारून तो निघाला, त्याच्यामागे फोटोग्राफर.

खांदा द्यायला रविवारच्या पोरी पुढे झाल्या. मागून कोणीतरी कुजबुजलं, "मुली खांदा देत नाहीत."

मनीषाने तिकडे वळूनही बघितलं नाही. "उचला गं," म्हणाली.

पोरींनी उचलला.

दिग्या, डोळे भरलेत आणि डोकंही फिरलंय. दोन्ही तुझ्यासाठीच.

शेवटचा नमस्कार, मित्रा.