सव्वादोन वारांचं पेल्मेट

“कैची लावायची नाही. एवढं कबूल असंल तर कापडाले हात लाव, नाई तर जाय.”

म्हातारी खाटेवर बसली होती. कापड मांडीवर आणि दोन्ही हात कापडावर. मी टेप घेऊन खिडकीपाशी स्टुलावर उभा होतो. तिची मुलगी शालिनीताई मला डोळ्यांनीच ‘हो म्हणा’ असं सांगत होती. मी म्हणालो, “कबूल, माय.”

मी पडदेवाला. नागपुरात सीताबर्डीवर माझं छोटं दुकान होतं. पडदे, सोफ्याची कव्हरं आणि पेल्मेट अशी कामं मी घ्यायचो. पेल्मेट म्हणजे पडद्याची दांडी झाकायला खिडकीच्या वर लावतात ती लांबट पेटी. तिला समोरची आणि दोन बाजूंच्या अशा तीनच भिंती असतात. बंगलेवाले ती सागवानाची करून घेत. पण ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, सरकारी क्वार्टरमधली. तिथं भिंतीला भोकं पाडायची परवानगी नव्हती आणि खिडकीच्या वरचं काँक्रीट असं होतं की खिळा वाकायचा, आत जायचा नाही. जे काय लटकवायचं ते खिडकीच्या लाकडी चौकटीवर, दोन लहान पट्ट्यांच्या भरवशावर. म्हणून पेल्मेट हलकं हवं होतं.

कापडाची हकिकत शालिनीताईंनी मला आधीच दुकानात येऊन सांगितली होती. त्या एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होत्या. वडील उमरेडला विणकर. टसर रेशमाचं, करवती काठाचं लुगडं मागावर होतं. सव्वादोन वार विणून झालं आणि ते पाणी प्यायला उठले, ते तिथंच कोसळले. पुढं माग विकला. जेवढं विणून झालं होतं तेवढं कापड उतरवून म्हातारीच्या हाती दिलं. लेक तिला नागपूरला घेऊन आली.

“भाऊ, आई दिवसभर ते मांडीवर घेऊन बसून राहते,” शालिनीताई म्हणाल्या. “जेवाले उठत नाही. हात धुवाले सांगितलं तरी कापड सोडत नाही. कशी वाळून गेली, बघाच तुम्ही. डॉक्टर म्हणतात, नजरेसमोर असू द्या पण हातात नको. म्हणून म्हटलं, खिडकीवर लावू.”

“तयार होतील का त्या?”

“मी मनवते. तुम्ही फक्त नीट करा.”

आठ दिवस समजूत घातल्यावर म्हातारी तयार झाली, ती वर सांगितलेल्या एका अटीवर. कापड माझ्या हातात देताना तिनं ते दोनदा परत घेतलं. तिसऱ्यांदा दिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला ते बघवेना. मी काढता पाय घेतला.

काम मी मन लावून केलं, हे आजही सांगतो. चहाच्या खोक्याचं पातळ प्लायवुड आणलं. चहाचा वास तीन दिवस उन्हात ठेवून घालवला. खिडकी साडेचार फुटांची, म्हणून समोरची पट्टी पाच फुटांची घेतली. बाजू सहा-सहा इंचांच्या, त्या जाड पुठ्ठ्याच्या. आतून बांबूच्या कामट्या बांधल्या, म्हणजे पट्टीला बाक येत नाही. वरून जुन्या रजईतला कापूस पातळ पसरला आणि मांजरपाटाचं अस्तर ताणलं. सगळं मिळून एका हाताच्या दोन बोटांवर उचलता येईल इतकं हलकं झालं.

खरा प्रश्न कापडाचा होता. पट्टीची उंची दहा इंच आणि लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, त्याच्या चौपट-पाचपट. एरवी मी डोळे झाकून कापलं असतं. इथं कात्री चालणार नव्हती. मी अख्ख्या पन्ह्याच्या घड्या घातल्या, करवतीचा काठ बरोबर खालच्या अंगाला आणला आणि मागून बारीक खिळे मारले. अशी तऱ्हा मी पूर्वी कधी केली नव्हती. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

एक टोक छान बसलं. दुसरं बसेना. त्या टोकाला वीतभर दोरे लोंबत होते. मागावर विणायचे राहून गेलेले उभे दोरे. घड्या घातल्यामुळे त्यांचा गुच्छ झाला आणि बाजूची पट्टी फुगली. आता शिंप्याचा हात कसा असतो ते सांगतो. कापडाच्या कडेला दोरा लोंबताना दिसला की तो कात्री शोधतोच. दोरा म्हणजे कापड नव्हे, दोरा म्हणजे काम उरलं आहे. मी खिळे काढले, दोरे सफा केले, कडा दुमडून बारीक टीप घातली आणि पुन्हा घडी बसवली. एका कोपऱ्यात अस्तर जरा पोकळ वाटत होतं. तेच दोरे गोळा करून तिथं कोंबले. कतरण वाया घालवायची नाही, ही आमच्या धंद्याची सवय. म्हातारीची अट मोडली असं क्षणभरही मनात आलं नाही. कापडाला मी कात्री लावलीच नव्हती.

रविवारी सकाळी पेल्मेट घेऊन क्वार्टरवर गेलो. लावण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायचं, ही माझी पद्धत. मी ते खाटेवर ठेवलं. शालिनीताईंच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. खरंच देखणं झालं होतं. खिडकीतल्या उजेडात टसर मधासारखं दिसत होतं.

म्हातारी जवळ सरकली. बघितलं नाही, हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं सावकाश गेली. मग बाजूनं मागं वळली. टिपेवर येऊन थांबली.

“अन् दोरे?”

“ते फालतू होते, माय. काढून टाकले.”

“फालतू?”

“कापडाले हात नाही लावला. शपथ सांगतो. फक्त लोंबते दोरे होते ते...”

“तुले मी काय सांगतलं होतं गा?”

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

शालिनीताई मध्ये पडल्या. “आई, दोरेच तर होते वं. कापड तर पूर्ण आहे.”

“तेच तर सांगून राहिली मी,” म्हातारी म्हणाली. “आता पूर्ण झाल्यावानी दिसते. तुये बाबा कुठवर आले होते, ते दिसत होतं त्याच्यात. इथवर आले अन् उठले. आता कसं समजंन कोणाले?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग मला कोपऱ्यातलं भरण आठवलं आणि जीव भांड्यात पडला. “थांबा, आहेत दोरे. इथंच आहेत,” असं म्हणत मी तिथंच मांडी घालून बसलो, अस्तर उसवलं आणि चिमटीनं दोऱ्यांचा पुंजका बाहेर ओढला. तिच्या ओंजळीत दिला. वर शहाणपणही केलं, “सांधता येतील ना, माय? तुम्ही तर विणकराच्या घरच्या.”

तिनं एक दोरा सोडवला, गुडघ्यावर सरळ केला. मग दुसरा. पाच-सहा दोरे झाल्यावर थांबली.

“सांधाले काय,” ती म्हणाली. “जलमभर तेच केलं. रोज हजार गाठी मारल्या. पण आता मारली तर गाठ माही होईल गा. त्याईचा हात नाही राहणार.”

शालिनीताई रडत होत्या. मी म्हणालो, सगळं उसवून कापड परत देतो. म्हातारीनं मान हलवली. “लावून दे. आता कायले ठेवू हातात?”

मी लावून दिलं. लेव्हल बरोबर आली. म्हातारीनं वर पाहिलं नाही. दोरे तिनं खाटेच्या कडेला ठेवले होते. निघताना पाहिलं तर पंख्याच्या वाऱ्यानं ते खाली पडले होते आणि ती उचलत नव्हती.

दोनेक महिन्यांनी शालिनीताई दुकानावरून जाताना थांबल्या. मीच धीर करून विचारलं, “माय कशी आहे?”

“जेवते आता. वेळेवर उठते, झोपते. डॉक्टर म्हणाले, उपाय लागू पडला.” त्यांनी काउंटरवरचा कापडाचा नमुना उचलला आणि परत ठेवला. “कापड मागत नाही. काहीच मागत नाही, भाऊ. बाबांचं नावही काढत नाही. मी काढलं तर म्हणते, झालं ना आता ते.”

मी बसा म्हणालो, त्या बसल्या नाहीत.

पुढं तीस वर्षं मी धंदा केला. नव्या कारागिराला पहिल्या दिवशी एकच सांगायचो: गिऱ्हाइकाचं कापड आलं की आधी विचारायचं, यातलं काय कापायचं नाही? आणि उत्तर मिळालं तरी बोट ठेवून दाखवायला सांगायचं. मी फक्त ‘कबूल’ म्हटलं होतं.