खडकीतली जुनी गिटार

शाळेत गणित शिकवता शिकवता पंचेचाळिशीत मी गिटारच्या क्लासला जाऊ लागले. सर म्हणाले, "स्वस्तातली घेऊ नका. बोटं सोलतील आणि महिन्याभरात सोडाल." बुधवार पेठेतल्या दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहून विचारलं, "वाजवायला हवीय, की भिंतीवर टांगायला?" मी तडक बाहेर पडले. मग ऑनलाइन एक जाहिरात दिसली, जुनी पण अस्सल लाकडाची गिटार, आणि रविवारी मी खडकीला गेले.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचं घर होतं. भर दुपार. त्यांनी पलंगाखालून गिटारची पेटी ओढली. "मुलाची आहे. अपघातात गेला, त्याला सहा वर्षं झाली."

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी दांडा सरळ आहे का ते पाहिलं, पोटाला फुगवटा आलाय का ते चाचपलं. तारा गंजल्या होत्या, तरी सुरात होत्या.

"कुणी लावल्या?"

"कुणी नाही. पेटी आजच उघडतोय."

दांड्यावर काही जागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. मला जेमतेम चार कॉर्ड यायच्या. सहज म्हणून त्या खळग्यांत एकामागून एक बोटं ठेवत गेले. एक चाल उमटली. मी ती कधीच ऐकली नव्हती.

आतून कुणीतरी तीच चाल गुणगुणू लागलं.

पडदा सारून काकू बाहेर आल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. नजर बोटांवर. "आज लवकर आलास रे. आधी जेवून घे."

"हो आई," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "दोन वर्षांत ती एक शब्द बोललेली नाही," ते पुटपुटले.

माझी बोटं थांबली.

"थांबलास का?"

मी पुन्हा वाजवू लागले. अंगावर काटा आला होता, पण थांबायची जास्त भीती वाटत होती. काकू भिंतीला टेकून झोपल्या तेव्हा कुठे गिटार खाली ठेवली.

काकांनी ती विकली नाही. मी नवीच घेतली.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "रोज दुपारी ताट वाढून बसते हो. विचारते, आज का नाही आला? एकदा याल?"

"सुट्टी लागली की येते," मी म्हणाले.

सुट्टी लागली, संपली. मी गेले नाही. त्यांनीही पुन्हा फोन केला नाही.