नको-नको म्हणणाऱ्या दोघी

ईडन प्रेरीतली समस्त मराठी मंडळी त्यांना पद्मजाकाकू म्हणतात, तेव्हा आपणही काकूच म्हणू. मूळच्या कराडच्या. मिनेसोटात येऊन छत्तीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी शाळेच्या कँटीनमध्ये मुलांच्या ताटात मॅकरोनी वाढण्यात गेली. "अरे, इतकंसंच?" हे त्या गोऱ्या पोरांनाही मराठीतूनच विचारायच्या, आणि पोरं कळल्यासारखी ताट पुढे करायची.

अमेरिकेला कुणी नावं ठेवलेली काकूंना खपत नाहीत. स्वतः ठेवतात, ते वेगळं. इथल्या टोमॅटोला चव नाही, इथल्या डॉक्टरला वेळ नाही, इथला उन्हाळा येतो तोच निघायच्या घाईत, हे सगळं त्या रोज म्हणणार. पण पुण्याहून नुकत्याच आलेल्या एखाद्या पोरानं "यार, इथं माणसंच नाहीत" असा सूर लावला, की काकू पदर खोचून उभ्या! पदर नसतो, स्वेटर असतो, आविर्भाव तोच. "माणसं नाहीत? मग छत्तीस वर्षं मी काय भिंतींशी बोलले?"

आता खरं सांगायचं तर पहिले काही महिने त्या भिंतींशीच बोलल्या. दोष त्यांचाच, किंवा कराडचा म्हणा. पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, यजमानानं आग्रह करायचा, मग तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडं" म्हणून ताट पुढे करायचं, ही त्यांची शिकवण. आल्या आल्या नवऱ्याच्या, म्हणजे चारुदत्तकाकांच्या, साहेबांकडे जेवण होतं. साहेबीणबाईंनी विचारलं, आणखी वाढू का? काकू लाजून म्हणाल्या, नको. बाई "ओके" म्हणाल्या आणि भांडं उचलून आत गेल्या. गेल्या त्या गेल्याच! काकू पाहत राहिल्या. घरी येऊन त्यांनी पिठलं टाकलं आणि रडत रडत खाल्लं. चारुदत्तकाका म्हणाले, "भीड भिकेची बहीण. हो म्हणायला शिक." सांगायला काय जातं! स्वतः तेही उपाशीच उठले होते. पिठल्याची कढई त्यांनीच पुसून खाल्ली.

मग भेटली आर्लीन. शेजारच्या निळ्या घरातली. तिचे आजोबा नॉर्वेहून आलेले, नवरा शेतकी यंत्रांच्या कारखान्यात. मुलाच्या, निमिषच्या, वेळी काकूंना सातवा महिना होता आणि त्या बर्फात बसस्टॉपवर उभ्या होत्या. आर्लीननं गाडी थांबवली. "सोडू का दवाखान्यात?" काकू म्हणाल्या, "नको, नको." सवयच ती! आता ही जाणार, असं त्यांना वाटलं. पण बाई हलेना. "मी त्याच बाजूला चाललेय." "नको, तुम्हाला त्रास." "खरंच नको?" तिसऱ्यांदा विचारल्याबरोबर काकू दार उघडून आत बसल्यासुद्धा. आर्लीन हसत सुटली. म्हणाली, आमच्याकडेही असंच. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस हावरा समजतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला, इतक्या बर्फात, आपल्यासारखीच एक भिडस्त बाई निघावी! त्या दिवशी काकूंचा या देशात जीव रमला.

तेव्हापासून या दोघींचा कारभार बघण्यासारखा. कुंपणाशी उभं राहून एकीनं केक पुढे करायचा, दुसरीनं नको म्हणायचं. दुसरीनं चकल्या द्यायच्या, पहिलीनं कशाला म्हणायचं. निमिष लहानपणी वैतागून ओरडायचा, "आई, जस्ट टेक इट!"

आर्लीनचा नवरा जाऊन नऊ-दहा वर्षं झाली. ती आता ब्याऐंशीची, घरात एकटी. मुलगी लांब, कॅलिफोर्नियाला.

यंदा जानेवारीत चारुदत्तकाका थोरल्या भावाच्या ऑपरेशनसाठी कराडला गेले. काकूंचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या मागे राहिल्या. आणि नेमकी तेव्हाच ती थंडी पडली. उणे अठ्ठावीस. शाळा बंद, रस्ते ओस. दुपारी चहा ओतताना काकूंची नजर खिडकीबाहेर गेली. अशा दिवशी प्रत्येक घराच्या छपरावरच्या नळीतून हीटरची पांढरी वाफ निघत असते. आर्लीनच्या छपरावर काहीच नव्हतं. काकूंनी चहा तसाच ठेवला. त्यांनी फोन लावला.

"हीटर बंद पडलाय," आर्लीन म्हणाली, "कालपासून. माणूस उद्या येणार आहे. माझ्याकडे ब्लँकेटं आहेत. अगदी मजेत आहे मी."

"इकडे ये."

"नको, नको."

काकूंनी नोकरीसाठी लांब अर्विंगला राहणाऱ्या निमिषला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, तरी उचलला. "आई, ती नको म्हणाली ना? मग फोर्स करू नकोस. अडल्ट आहे ती. फारच वाटलं तर सिटीच्या हेल्पलाइनला कॉल कर. आणि तू बाहेर पडू नकोस हं, पडशील."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवून बूट चढवायला बसल्या. अडल्ट म्हणे! थंडीला काय ठाऊक कोण अडल्ट आणि कोण नाही?

दोन घरांच्या मधलं अंतर ते केवढं, पण त्या दिवशी पापण्यांवर बर्फ धरला. आर्लीननं दार उघडलं. अंगात कोट, डोक्यावर टोपी, आणि घरातल्या घरात तोंडातून वाफ. ओठ निळसर पडलेले. काकूंनी तिचा हात धरला तर लाकूड!

"चल माझ्याकडे."

"नको गं."

"वरण-भात टाकलाय. तुला आवडतो."

"नंतर कधीतरी."

"आर्लीन, चल."

"नको म्हटलं ना, पद्मा."

तिसऱ्यांदाही नकोच. हे आजवर कधी झालं नव्हतं. मग आर्लीनच हळू आवाजात बोलली. "माझ्या मुलीला कळलं की मला घर सोडून शेजारी न्यावं लागलं, तर ती म्हणेल, आई आता एकटी राहू शकत नाही. वृद्धाश्रमाचं ती दोन वर्षं बोलतेय. आज मी या दारातून बाहेर पडले, तर परत येईन की नाही, देवाला माहीत."

असं आहे होय! काकू खुर्चीवर बसल्या. हिला इथं ठेवावं तर ही उद्यापर्यंत टिकायची नाही. ओढून न्यावं तर जे घर वाचवायला ही धडपडतेय, तेच जायचं. समोर थंडीनं थरथरणारी म्हातारी, आणि घरी गेलं तर आपलंही घर रिकामं. काकूंचा बांध फुटला. कराडला फोनवर नवऱ्याला त्या रोज "मी मजेत" सांगत होत्या. निमिषलाही तेच.

"आर्लीन, मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "हे कराडला गेल्यापासून मला झोप नाही. गुडघा असा, बाहेर हे असं. पडले तर कुणाला कळेल? घरात माणसाचा आवाज नाही. मी कुणाला बोलले नाही. तू ये ना माझ्या सोबतीला. मला गरज आहे."

बोलून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं. छत्तीस वर्षांत त्यांनी कुणापाशी काही मागितलं नव्हतं.

आर्लीन चक्क रागावली. "आधी सांगायचंस ना वेडे! इतके दिवस एकटी कुढत बसलीस?" आणि उठलीच. गोळ्यांची डबी, चष्मा, विणकाम, भराभरा पिशवीत. वेळच लावला नाही तिनं. मग टेबलावरचा फोन उचलून तिनं मुलीचा नंबर लावला.

"हो, हीटर उद्या नीट होईल," आर्लीन ठणठणीत आवाजात सांगत होती. "पण मी आता पद्माकडे राहायला चाललेय. चार-पाच दिवस. तिचा नवरा गावाला गेलाय, आणि बिचारीला एकटीनं राहवत नाही. तिला सांभाळायला कुणीतरी हवं ना?"

काकू डोळे पुसत मान हलवत राहिल्या. आर्लीनच्या बोलण्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.