दारू सोडलेल्या माणसाला संत्री

आमच्या अमरावतीत माणूस आजारी पडला की लोक संत्री घेऊन भेटायला येतात. पाय मोडला, संत्री. पोटाचं ऑपरेशन झालं, संत्री. दारू सोडली तर डझनभर जास्तीची, कारण दारूनं म्हणे आतडी जळतात आणि ती थंड करायची ताकद फक्त आमच्या मातीतल्या फळात आहे. हे शास्त्र कुणी शोधलं ठाऊक नाही, पण प्रत्येकाच्या कुठल्या ना कुठल्या मामाची बाग असते, तेव्हा ते फुकटात पडतं.

मी पिऊ का लागलो, हे सगळ्यांना माहीत होतं. परतवाड्याहून येताना वलगावच्या अलीकडे आमची काळीपिवळी जीप उलटली. माझ्या शेजारी बसलेला साळा, म्हणजे बायकोचा एकुलता एक भाऊ, जागीच गेला. मला कपाळाला सहा टाके पडले. पुढची दोन वर्षं मी रोज संध्याकाळी क्वार्टर मारायचो आणि लोकांना ते पटायचं. सोडली तेव्हा मात्र जो तो शहाणपण शिकवायला आला. "मन घट्ट पाह्यजे भाऊ," हे वाक्य माझ्या चुलत्याला तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकल्याशिवाय पुरं करता येत नव्हतं.

उपचारासाठी मी अकोल्याला जायचो. अमरावतीतच गेलो असतो, तर मी आत बसेपर्यंत बातमी घरी पोचली असती. तिथल्या समुपदेशक बाई फार हळू बोलायच्या. तलफ आली की त्याआधी काय घडलं ते वहीत लिहा आणि अगदीच राहवलं नाही तर पिण्याआधी एका माणसाला फोन करा, असं त्यांनी सांगितलं. फोनचं मी हसण्यावारी नेलं, वही मात्र इमानानं लिहिली. महिनाभरानं पाहतो तर काय, दर वेळी तलफेच्या आधी घरी पाहुणे आलेले! मावससासू येऊन गेली, तलफ. चुलतसासरे येऊन गेले, जबर तलफ. मला शोध लागल्याचा आनंद झाला आणि मी वही बायकोपुढे टाकली.

"पाह्य, तुह्ये नातेवाईक मले प्यायले लावून राहिले."

"नातेवाईक त सगळ्याईलेच असतात," ती म्हणाली. "सगळे कुठी पेतात?" आणि माझं डोकं थंड व्हावं म्हणून तिनं पाहुण्यांनी आणलेली दोन संत्री सोलून पुढ्यात ठेवली. त्या दुपारी तलफ आवरायला मी दोन तास मोरीला आतून कडी लावून बसून होतो. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, इतका मी हुशार.

प्रकाश पडला तो एसटीत. अकोल्याला निघालो होतो. बडनेरा मागे पडलं आणि शेजारच्या बाईनं पिशवीतून संत्रं काढून सोललं. सालीचा वास नाकात गेला आणि जिभेला दारूची कडू चव आठवली. गाडीत नातेवाईक एकही नव्हता. अपघाताच्या दिवशी जीपमध्ये मागे संत्र्यांचे कॅरेट भरलेले होते. जीप उलटली तेव्हा ते फुटले आणि लोक येऊन मला ओढून काढेपर्यंत मी त्या रसाच्या चिखलात पडून होतो. माझ्या हातात साळ्याचा हात होता.

आता कारण कळलं म्हणून तलफ गेली का? छे! कारण कळल्यानं तलफ जात असती तर शिकलेला एकही माणूस प्यायला नसता. मी मूर्तिजापूरला उतरलो, स्टँडसमोरच्या दारूच्या दुकानाशी गेलो. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कोणती?" लाज वाटली, भीतीही वाटली. मी बाजूला होऊन बायकोला फोन लावला आणि वासाचं सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "सांगाचं ना अजी. मी रोज सोलून देऊन राहिली तुमाले." मग अगदी हळू, "एक इचारू काय? दोन वर्साच्या वर झालं. इचारलं त तुमी पुन्हा प्यासान म्हणून इचारलं नाई. शेवटी तो काई बोल्ला काय?"

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. तिच्या भावाच्या नावानं मी दोन वर्षं प्यालो, गावभराची कीव गोळा केली, आणि तिला हा एवढा प्रश्न विचारायची सोय ठेवली नाही.

मी खरं ते सांगितलं. जीप उलटायच्या जरा आधी त्यानं कॅरेटमधलं एक संत्रं काढून सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "भाऊजी, बिया बाहीर थुका, समोरच्या बाईच्या पदरावर नका थुकू."

ती हसली. "असाच होता तो," म्हणाली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. मग ती मोठ्यानं रडायला लागली. दुकानदारानं पुन्हा एकदा "कोणती?" विचारलं, मी हातानंच नको म्हटलं आणि फोन कानाला धरून बसून राहिलो. भाऊ गेल्यापासून ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. आमच्या घरात दुःख करायचा मक्ता माझ्याकडे होता.