तलावाचे राखणदार

मानपाड्याच्या पुढे तेव्हा मातीच्या बांधाचा एक छोटा तलाव होता. डोंबिवलीची आम्ही शिक्षक मंडळी रविवारी तिथे पोहायला जायचो. तलावाचे राखणदार खालच्या पाड्यातले, पन्नाशीचे गृहस्थ. बोलणं कमी, तेही पाण्याबद्दलच. रोज सकाळी ते बांधाच्या पायथ्याशी उकिडवे बसायचे आणि तिथे झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरायचे.

"बांध पाझरतो, हे वाईट ना?" मी एकदा विचारलं.

"पाझरू दे, मास्तर. पानी निवल हाय ना! गढूल आला म्हंजे आतली माती चालली."

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या पोहण्याच्या शर्यती रंगात असताना त्यांच्या ओंजळीत तांबडं पाणी आलं. त्यांनी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि कुणालाही न विचारता बांधाखालच्या मोरीचं दार उघडून तलावाचं पाणी सोडून दिलं.

शर्यती भरवणारे आमच्या मंडळाचे चिटणीस संतापले. "तलावाच्या मालकांना काय सांगू?"

"मी सोडला म्हनून सांगा. खाली मानसा र्‍हातान."

दोन दिवसांत तलाव रिकामा झाला. तिसऱ्या दिवशी बांध मधोमध खचला. पाड्यातलं एक कौलही हललं नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा ते नुसत्या चिखलाकडे बघत उभे होते. मालक ती जमीन विकणार, हे माझ्या कानावर आलं होतं.

"मास्तर, परत बांदतील ना?"

"बांधतील की," मी म्हणालो.

पुढे कितीतरी रविवार मी तिकडे गेलो. उरलेल्या बांधावरचं गवत ते मन लावून कापत असायचे. मी लांबूनच परत फिरायचो.