अण्णा, आई आणि बांबूचा ड्रोन

हातकणंगल्याच्या आमच्या रानात आग लागली नव्हती, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. नुसता धूर होता. तोही कलात्मक!

झालं असं, की माझ्या भाचीचं, सोनलचं लग्न ठरलं आणि तिचा नि नवऱ्या मुलाचा गाण्याचा व्हिडिओ काढायला पुण्याहून माणसं आली. मी शाहूपुरीतलं माझं पंख्यांचं दुकान बंद करून शूटिंग बघायला गेलो. (मामा म्हणून. कुणी बोलावलं नव्हतं.) केवढा तो लवाजमा! एकजण कॅमेऱ्यावर छत्री धरायला, एकजण धुक्याचं मशीन चालवायला, एकजण ड्रोन उडवायला आणि या सगळ्यांवर ओरडायला मानसी नावाची काटकुळी दिग्दर्शिका. मधेच ती आभाळाकडं बघून म्हणाली, "अरे, लाइट गेली!"

मी म्हटलं, "न्हाय ओ मॅडम, समोरच्या चहाच्या गाडीवर दिवा चालू हाय की!"

त्यानंतर त्यांनी मला लांबच्या खुर्चीवर बसवलं.

सोनल नवऱ्या मुलाकडं चालत यायची, मानसी "कट" म्हणायची, पोरगी परत मागं जायची. प्रत्येक वेळी मानसी छोट्या टीव्हीत डोकं घालून काय आलंय ते बघायची. स्वतःवर विश्वासच नाही! दिवसभरात पोरगी एवढी चालली, की तेवढ्यात जयसिंगपूरला पोचली असती.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "ह्यात काय अवघड हाय? मी एकटा काढंन."

सुनीता भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मग काढा की. अण्णा-आईंच्या लग्नाला पन्नास वर्सं व्हायल्यात. त्यांचा काढा."

झालं! विषयही मिळाला आणि गाणंही घरातच होतं. आईनं फार पूर्वी अण्णांवर, म्हणजे माझ्या वडलांवर, एक ओवी रचली होती. म्हशीची धार काढताना गुणगुणायची; पण अण्णांची चाहूल लागली की गप्प. कारण अण्णा म्हणजे कडक माणूस. पन्नास वर्षांत आईशी त्यांचं सगळ्यात लांब प्रेमाचं बोलणं म्हणजे "चहा हाय का?" ही ओवी अण्णांनी एकदा तरी ऐकावी, असं आम्हा सगळ्यांना फार वाटायचं.

"मी न्हाय बाई म्हणत त्यांच्यासमोर," आई लाजली. "मी मरतो लाजून."

शेवटी सुनीतानं ती ओवी स्वयंपाकघरात गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड केली.

शूटिंगच्या दिवशी आई हिरवं इरकल नेसून आमच्या उसाच्या रानात आली. अण्णा फेटा बांधून आले. त्यांना फक्त "फोटो काढायचाय" एवढंच सांगितलं होतं. ड्रोनच्या जागी मी आंबे उतरवायची लांब काठी घेतली आणि तिच्या टोकाला माझा मोबाइल सुतळीनं आवळला. बांधायच्या आधी सुनीतानं त्याच मोबाइलवर सगळ्यांचा एक सेल्फी घेतला. धुक्यासाठी घमेल्यात उसाचं ओलं पाचट पेटवलं. गाणं ट्रॅक्टरच्या स्पीकरवर लावलं. साहित्याची यादी संपली!

"अण्णा, आईकडं बघा."

"कशाला? रोज बघतोय की."

"प्रेमानं बघा!"

"तुला काय झालंय का?"

तेवढ्यात स्पीकरवर आईचा आवाज आला,

*घरधनी माझा बाई, जसा उसाचा गं पेरा,*
*वरनं दिसं टणक, आत रसाचा झरा.*

अण्णा एकदम थांबले. स्पीकरकडं बघितलं, मग आईकडं. "हे तू म्हटलंयस?" आईनं तोंडाला पदर लावला. मी काठी उंच धरली, "बघा, बघा, असंच बघा" म्हणून ओरडलो आणि पायानं घमेलं जरा पुढं ढकललं. पाचट असं धुमसलं, की अण्णा दिसेनात, आई दिसेना, ऊससुद्धा दिसेना!

आणि पलीकडच्या बांधावरनं शेजारच्या बाळूतात्यांची आरोळी आली, "पळा रं! अण्णा पाटलाचा ऊस पेटला!"

पुढचं फार वेगानं झालं. बाळूतात्या पाण्याचा टँकर जोडलेला ट्रॅक्टर घेऊन आले. मागनं निम्मी वस्ती बादल्या घेऊन आली. मी ओरडत होतो, "आग न्हाय, आग न्हाय! धुकं हाय!"

"भर दुपारचं कसलं धुकं रं, येड्या!" म्हणत तात्यांनी पाइप सोडला. घमेलं बाजूला राहिलं आणि पाणी सरळ अण्णांवर!

धूर निवळला. फेट्यातून पाणी गळतंय, मिशा खाली लोंबतायत, अण्णा तसेच उभे. आता काय होतंय म्हणून सगळी वस्ती बादल्या धरून बघतेय. आणि आई हसायला लागली. पोट धरून हसली. हसत हसत पुढं झाली आणि चारचौघांत पदरानं अण्णांचं तोंड पुसायला लागली. तर अण्णाही हसले! त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले.

"मिळालं!" मी काठी नाचवत ओरडलो. "एका टेकमध्ये मिळालं!"

सुनीता म्हणाली, "बघा तरी एकदा काय आलंय ते."

"प्रीमियरच्या आधी बघायचं नसतं," मी म्हणालो.

अण्णा-आईंच्या लग्नाच्या वाढदिवसाला जयसिंगपूरच्या हॉलमध्ये सगळे पावणे जमले. सोनलनं मानसीलाही बोलावलं होतं. मी मुद्दाम तिच्या शेजारी बसलो. दिवे मालवले. आईचा आवाज घुमला आणि भल्यामोठ्या पडद्यावर दिसलो... मी!

वरनं. उघड्या तोंडाचा, वटारलेल्या डोळ्यांचा. सेल्फीनंतर कॅमेरा उलटा करायचा राहिला होता! अण्णा-आई काठीच्या पुढं आणि कॅमेरा पूर्ण वेळ माझ्यावर. मागनं ओवी चालू, आणि मी धुरात खोकतोय, घमेल्याला लाथ मारतोय, पाणी आल्यावर आई-वडलांना सोडून ट्रॅक्टरमागं लपतोय. मान खाली घातली की टाळूवर रुपयाएवढं टक्कल. हे मला घरात कुणी सांगितलंच नव्हतं!

हॉलमध्ये हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी. मानसी कशीबशी म्हणाली, "काका, असा अँगल आम्हाला कधी सुचला नसता."

सोनलचा व्हिडिओ सुंदरच झालाय. तो लग्नात एकदा बघितला. माझा मात्र आमच्या घरात रोज संध्याकाळी लागतो. अण्णाच लावायला सांगतात आणि खुर्चीत मान मागं टाकून ऐकत बसतात. परवा मला राहवलं नाही. विचारलं, "एवढा आवडला व्हय, अण्णा?"

"आवडला की," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईची ओवी लई गोड हाय. फकस्त तू दिसलास की मी डोळे मिटून घेतो."

आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो तो मीच की!