पहिल्या अक्षराची राखण

डॉ. शामराव ढोमणे यांची आणि माझी पहिली भेट नागपुरात मिहानजवळच्या त्यांच्या छोट्या प्रयोगशाळेत झाली. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सरांनी ती नुकतीच उभी केली होती आणि मी इंग्रजी अहवाल लिहिण्याच्या जागेसाठी गेले होते. सरांनी माझे इंग्रजी तपासलेच नाही. त्यांनी विचारले, “ताई, डवरा म्हणजे काय, सांगता येते का तुम्हाले?”

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, शहरात वाढलेली. “एखादं पाखरू असेल,” असे म्हणाले. सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी अर्थ सांगितला नाही, नोकरी मात्र दिली. पिकाच्या ओळींमधले तण काढायला बैल ओढतात ते अवजार म्हणजे डवरा, हे मला फार पुढे कळले.

सरांच्या कामाबद्दल लिहायला परवानगी आहे तेवढेच लिहिते. रडारला न दिसणारी लढाऊ विमाने आपसात बोलू लागली, की त्या बोलण्यावरूनच पकडली जाऊ शकतात. “गांधीबागेत मोठ्यानं हाक मारली तर आपल्या माणसाआधी सारा बाजार वळून पाहते,” सर सांगत. म्हणून एका विमानाने फक्त दुसऱ्याच्या दिशेने, अगदी बारीक झोतात, तेही कुलूपबंद सांकेतिक रूपात बोलायचे. आकडे, नकाशे आणि वेळ पडली तर वैमानिकाचा आवाजसुद्धा. हे कानगोष्टीचे तंत्र सरांनी आयुष्यभर जोपासले.

सर स्वतःही हळू बोलतात. माझ्या आईला ऐकू कमी येते, त्यामुळे ती मात्र फार मोठ्याने बोलते. तिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा सर हुडकेश्वरला आमच्या घरी मऊ खिचडीचा डबा घेऊन आले. आईने दारातूनच त्यांचे स्वागत केले. सर म्हणाले, “आई, तुमचा आवाज रडारवर दिसते बरं!” आई म्हणाली, “दिसू दे! चहा घेतल्याशिवाय जायचं नाही!” त्यानंतर सर कितीदा तरी केवळ तिचा आरडाओरडा ऐकायला आले.

पण मला सांगायची आहे ती एका चाचणीची गोष्ट. दिल्लीहून समिती येणार होती. चाचणी फसली तर नागपुरातले काम बंद करून दक्षिणेतल्या मोठ्या केंद्राकडे सोपवायचे ठरले होते. आईला सोडून मला तिकडे जाता आले नसते, म्हणजे माझी नोकरी गेली असती, आणि सरांना हे ठाऊक होते.

दोन गच्च्यांवर फिरते अँटेना बसवून आम्ही सराव करत होतो. एकीकडून सर वाक्य बोलत, दुसरीकडे आमचा तरुण अभियंता गजानन ऐकून लिहून घेई. एकूण एक वाक्य बरोबर येत होते. पेढे आले. सर मात्र यंत्रावरची आवाजाची रेघ बघत बसले होते.

“काहून गा गजानन, ‘डवरा वावरात राहिला’ यातला ‘ड’ यंत्रात आलाच नाही. तुले कुठून ऐकू आला?”

“सर, घरी शेती आहे न. वरा म्हटलं की डवराच असते.”

“म्हणजे यंत्रानं नाही ऐकलं, तुह्या डोक्यानं ऐकलं!”

मग सर माझ्याकडे वळले. “ताई, तुम्हाले अजून डवरा माहीत नाही न?”

“नाही सर.”

“बेस झालं. बसा इकडे.”

मी ऐकले तसे लिहिले: ‘वरा वावरात राहिला’. गजानन ओरडला, “ताई, ‘नवरा’ तरी लिहा!” सगळे हसले. सरांनी फळ्यावर ‘अशक्य’ लिहिले आणि अंगठ्याने ‘अ’ पुसला. “वैमानिकानं अशक्य म्हटलं आन् तिकडं शक्य पोचलं, तर?”

अँटेना फिरले, म्हणजेच विमान वळले, की झोत क्षणभर निसटत होता आणि परत जुळेपर्यंत पहिले अक्षर गळत होते. समितीला गजाननचे निकाल दाखवले असते तर कोणाला काही कळले नसते. सरांनी ते निकाल रद्द केले आणि दुरुस्तीला लागले. समितीसमोर ऐकायला मलाच बसवले, कोणते वाक्य येणार ते न सांगता. माझे घर त्या एका अक्षरावर टांगलेले होते.

त्या दिवशी माझ्या कानात स्वच्छ ‘ड’ आला. मी ‘डवरा’ लिहिले. एका अधिकाऱ्यांनी अर्थ विचारला. “मला माहीत नाही,” मी म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, “हाच आमचा पुरावा आहे.” काम नागपुरातच राहिले. अर्थ मला त्या संध्याकाळी गजाननने सांगितला, तोही पेढा भरवून.

सर, आज आपण पंचाहत्तरी पूर्ण करत आहात. मला आता डवरा कळतो, निंदण कळते, पीक कापायची सोंगणीसुद्धा कळते. त्यामुळे माझे कान आपल्या कामातून गेले आहेत. आपल्याला नवीन कान शोधावे लागतील, त्यांनाही हळूहळू वऱ्हाडी येईल, मग पुन्हा नवे शोधावे लागतील. या शोधात आपली पुढची कितीतरी वर्षे ठणठणीत जावोत. आईनेही आशीर्वाद दिला आहे. तो आपल्याला घरबसल्या ऐकू आलाच असेल.